पॅराक्वाट विषबाधा: लघवी आणि रक्ताची झटपट तपासणी कशी करावी

विषबाधेचा रुग्ण दाखल होतो तेव्हा सोबतची माणसं बहुतेक वेळा एवढंच सांगतात, 'शेतातलं औषध घेतलं.' ते कीटकनाशक होतं की तणनाशक, आणि तणनाशक असेल तर कोणतं, यावर पुढचा सगळा उपचार ठरतो. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशक असेल तर ॲट्रोपिन आणि ऑक्सिजन हा ठरलेला मार्ग. पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर गरज नसताना लावलेला ऑक्सिजनच फुफ्फुसांची हानी वाढवतो. त्यातून हा रुग्ण पहिल्या दिवशी फसवतो. तो शुद्धीवर असतो, बोलतो, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन नीट दिसतं. तोंडातले व्रण, मूत्रपिंडाचा बिघाड आणि श्वासाचा त्रास नंतर दिसू लागतो. तोवर विष रक्तातून फुफ्फुसांत शिरलेलं असतं. म्हणून पहिल्या काही तासांत प्रयोगशाळेनं दिलेलं उत्तर फार मोलाचं असतं, आणि ते देण्यासाठी महागडं यंत्र लागत नाही.

तपासणी ज्या रसायनावर चालते तेच रसायन शरीरात घात करतं. पॅराक्वाट एक इलेक्ट्रॉन सहज उचलतं आणि ऑक्सिजन भेटला की त्याच्या हवाली करून पुन्हा नव्या इलेक्ट्रॉनसाठी मोकळं होतं. फुफ्फुसात हे चक्र अखंड फिरत राहतं आणि त्यातून निघणारं सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं विध्वंसक रूप, पेशी जाळतं. टेस्ट ट्यूबमध्ये आपण तो इलेक्ट्रॉन सोडियम डायथायोनाइटकडून देतो. इलेक्ट्रॉन मिळालेलं पॅराक्वाट गडद निळं दिसतं आणि हवा लागली की तो निळा रंग उडतो. एवढं डोक्यात ठेवलं की या तपासणीतल्या निम्म्याअधिक चुका आपोआप टळतात.

काय जमवून ठेवावं

सोडियम डायथायोनाइट, म्हणजेच सोडियम हायड्रोसल्फाइट. गुऱ्हाळात गुळाचा रंग उजळायला वापरतात ती 'हायड्रोस' पावडर हेच रसायन आहे, पण प्रयोगशाळेसाठी ॲनालिटिकल ग्रेडचीच बाटली घ्या आणि शक्य तितकी लहान घ्या. ही पावडर ओलाव्यानं मरते. झाकण उघडंबंद होत राहिलं की काही आठवड्यांत तिची ताकद उतरते. ती गोळे धरते आणि गंधकासारखा झोंबरा वास येऊ लागतो. उत्तम उपाय म्हणजे नवी बाटली आली की १०० मि.ग्रॅ.च्या पुड्या प्लास्टिकच्या छोट्या स्क्रू-झाकणाच्या ट्यूबमध्ये भरायच्या आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवायच्या. एका रुग्णाला एक ट्यूब. मोठ्या साठ्यावर पाणी सांडू देऊ नका. ओली झालेली पावडर स्वतःच तापते आणि पेट घेऊ शकते.

सोडियम हायड्रॉक्साइडचं १ मोलर द्रावण: ४ ग्रॅम हायड्रॉक्साइड डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण १०० मि.ली. करा. प्लास्टिकच्या बाटलीत ते महिनोन्‌महिने टिकतं.

पॅराक्वाट डायक्लोराइडचं प्रमाणित स्टँडर्ड. इथे हिशेब नीट समजून घ्या, कारण सगळे अहवाल पॅराक्वाट आयनमध्ये द्यायचे असतात आणि बाटलीत असतो डायक्लोराइड क्षार. आयनचं रेणुभार १८६, क्षाराचं २५७. म्हणून १०० मि.ग्रॅ./लिटर आयनचं स्टॉक करायला १३.८ मि.ग्रॅ. क्षार १०० मि.ली. पाण्यात विरघळवावा लागतो. स्टँडर्डच्या प्रमाणपत्रावर पाण्याचं प्रमाण दिलेलं असेल तर तेवढी भर घाला. हे स्टॉक पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत, अंधारात, ४ अंश सेल्सियसला ठेवा. काचेत नको. पॅराक्वाट धनभारित असल्यामुळे काचेच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि कमी प्रमाणाच्या नमुन्यात ही घट लक्षणीय असते. स्टँडर्ड, लघवी, रक्त, प्लाझ्मा, सगळ्यांसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत प्लास्टिकच वापरा.

लघवीची तपासणी

रुग्ण आल्यावर मिळेल ती पहिली लघवी घ्या. होत नसेल तर कॅथेटर टाकून घ्या. तपासणीला २० मि.ली. पुरे, राखून ठेवायच्या २० मि.ली. वेगळ्या. नमुन्यावर घेतल्याची वेळ लिहा आणि विष पोटात गेल्याची अंदाजे वेळ नातेवाइकांकडून विचारून तीही लिहा. लघवी गढूळ असेल तर सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी वापरा.

पारदर्शक प्लास्टिकच्या चार ट्यूब घ्या. पहिलीत रुग्णाची ५ मि.ली. लघवी. दुसरीतही तेवढीच, पण हिच्यात रिएजंट (रंग आणणारं द्रावण) घालायचं नाही. मूळ रंग कसा होता ते हिच्यावरून कळतं. तिसरीत निरोगी माणसाची ५ मि.ली. लघवी, हा ब्लँक, म्हणजे विष नसलेला तुलनेचा नमुना. चौथीत निरोगी लघवी ५ मि.ली. आणि १०० मि.ग्रॅ./लिटर स्टॉकचे ०.०५ मि.ली., म्हणजे साधारण १ मि.ग्रॅ./लिटरचा पॉझिटिव्ह कंट्रोल.

आता डायथायोनाइटची १०० मि.ग्रॅ.ची पुडी १० मि.ली. सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा. हे १ टक्का रिएजंट झालं. ते तिथल्या तिथे करून लगेच वापरायचं. सकाळी करून दुपारी वापरायचं नाही. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या ट्यूबमध्ये १ मि.ली. सोडा, झाकण लावून ट्यूब एकदाच हळू उलटीसुलटी करा. जोरात हलवाल तर हवा मिसळून रंग जाईल. मिनिटभरात पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा.

१ मि.ग्रॅ./लिटरच्या आसपास फिकट निळा रंग येतो. प्रमाण वाढलं की तो गडद होत जाऊन काळपट निळ्यावर जातो. काळपट निळा आला तर निरोगी लघवीत दहापट पातळ करून पुन्हा पाहा, म्हणजे जोर किती ते कळेल. खात्रीसाठी ट्यूब उघडून थोडी हलवा: रंग वरच्या थरापासून उडू लागला पाहिजे, आणि चिमूटभर डायथायोनाइट टाकल्यावर परत आला पाहिजे. असं येणंजाणं पाहिल्यावर शंका उरत नाही.

सोडियम हायड्रॉक्साइड हाताशी नसेल तर लघवीतच खाण्याच्या सोड्याचे दोन भाग आणि डायथायोनाइटचा एक भाग थेट टाकूनही रंग येतो. वॉर्डात, रात्री, प्रयोगशाळा बंद असताना हा मार्ग वापरावा. कंट्रोल मात्र तिथेही लावायचाच.

निगेटिव्ह आलं म्हणजे काय

इथेच सर्वांत जास्त गफलत होते. निगेटिव्हची तीन कारणं असू शकतात: पॅराक्वाट नाही, पॅराक्वाट अजून लघवीत उतरलेलं नाही, किंवा रिएजंट मेलेलं आहे. तिसरं कारण फक्त पॉझिटिव्ह कंट्रोलच दाखवतो. चौथी ट्यूब निळी झाली नसेल तर अहवाल द्यायचाच नाही; नवी पुडी फोडून सगळं पुन्हा करायचं. कंट्रोलशिवाय दिलेला निगेटिव्ह अहवाल रुग्णाला खोटा दिलासा देऊन घरी पाठवू शकतो. आमच्या मते तो न दिलेला बरा.

दुसऱ्या कारणासाठी वेळ पाहावी लागते. पहिल्या सहा तासांतला निगेटिव्ह हा अंतिम समजू नये. प्रत्येक लघवीची तपासणी करत २४ तासांपर्यंत जावं. तोवरच्या सर्व लघव्या नीट कंट्रोलसह निगेटिव्ह राहिल्या तर मोठी मात्रा शरीरात गेलेली नाही असं म्हणता येतं.

रंगाचे काही फसवे प्रकारही ओळखून ठेवा. गर्द पिवळ्या लघवीत फिकट निळा हिरवट दिसतो, म्हणून दुसऱ्या ट्यूबशी तुलना करायची. डायक्वाट हे पॅराक्वाटचं भावंड रसायन डायथायोनाइटनं पिवळसर हिरवा रंग देतं, आणि दोन्ही एकत्र असतील तर निळ्यापुढे तो दिसत नाही. चीननं २०१६ मध्ये पॅराक्वाटच्या द्रावणाची विक्री थांबवल्यावर तिथे डायक्वाटच्या विषबाधा वाढल्या, त्यामुळे हिरवट रंग दिसला की 'काही नाही' म्हणून सोडून देऊ नका. रिएजंट घातल्यावर पांढरट गढूळपणा आला तर तो अल्कलीत खाली बसणारा फॉस्फेट असतो. सेंट्रिफ्यूज करा आणि ताजं डायथायोनाइट घालून पाहा. रुग्णाला मिथिलीन ब्लू दिलेलं असेल तर लघवी आधीच निळी असते, पण डायथायोनाइटनं तिचा रंग जातो. पॅराक्वाटचं वागणं याच्या अगदी उलट.

पोटातून काढलेल्या पाण्यावर किंवा उलटीवरही हीच तपासणी चालते, पण पॅराक्वाटच्या तयार औषधात मुद्दाम निळसर हिरवा रंग मिसळलेला असतो. म्हणून रिएजंट नसलेली ट्यूब शेजारी धरल्याशिवाय उलटीच्या रंगावरून काही ठरवू नका. नातेवाइकांनी बाटली आणली असेल आणि लेबल फाटलेलं असेल, किंवा औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतलेलं असेल, तर हातमोजे घालून त्यातला एक थेंब लिटरभर पाण्यात मिसळा आणि त्यातल्या ५ मि.ली.वर तपासणी करा. भारतात मिळणारं २४ टक्क्यांचं पॅराक्वाट असेल तर एवढ्या पातळ द्रावणातही ठसठशीत निळा रंग येतो.

रक्ताची तपासणी

लघवी 'आहे की नाही' सांगते. 'किती' हे रक्तच सांगतं. ५ मि.ली. रक्त ईडीटीए किंवा लिथियम हेपॅरिनच्या प्लास्टिक ट्यूबमध्ये घ्या, वेळ मिनिटासकट लिहा, आणि ३००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवून प्लाझ्मा (पेशी खाली बसल्यावर वर उरणारा द्रव) दुसऱ्या प्लास्टिक ट्यूबमध्ये काढा. रक्त बारीक सुईतून जोरात ओढू नका. पेशी फुटल्या तर हिमोग्लोबिन प्लाझ्मात येतं, आणि ते ४१५ ते ४३० नॅनोमीटरच्या भागात इतका प्रकाश शोषतं की शेजारचं पॅराक्वाटचं शिखर झाकलं जातं. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर रक्त पुन्हा घ्या.

डोळ्यांनी पाहायचं तर २ मि.ली. प्लाझ्मात ०.५ मि.ली. ताजं १ टक्का रिएजंट घाला, शेजारी निरोगी प्लाझ्माचा ब्लँक आणि ५ मि.ग्रॅ./लिटरचा कंट्रोल लावा. प्लाझ्मा निळसर झाला तर पातळी साधारण २ मि.ग्रॅ./लिटरच्या वर आहे. ती फार गंभीर गोष्ट आहे. डॉक्टरांना फोन करून सांगा, कागदाची वाट पाहू नका. रंग न येणं मात्र सुरक्षिततेचं चिन्ह नाही, कारण दहाव्या तासाला ०.५ मि.ग्रॅ./लिटर ही पातळीही चिंतेची असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

आकडा हवा असेल तर स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) लागतो. २ मि.ली. प्लाझ्मात २० टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिडचे ०.५ मि.ली. घाला, व्होर्टेक्सवर फिरवा, पाच मिनिटं ठेवा, १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. प्रथिनं तळाशी जातात. वरचं स्वच्छ पाणी १ मि.ली. घ्या, त्यात २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडचे ०.३ मि.ली. आधी घाला, आणि मग १ टक्का डायथायोनाइटचे ०.२ मि.ली. हा क्रम बदलू नका. आम्लात डायथायोनाइट पडलं तर ते तुटून सल्फर डायऑक्साइड सुटतो, द्रावण गढूळ होतं आणि वाचन निरुपयोगी ठरतं.

क्युव्हेटमध्ये हळू ओता, पाच मिनिटांच्या आत ३८० ते ७०० नॅनोमीटर स्कॅन करा. पॅराक्वाटचं उंच शिखर ३९६ नॅनोमीटरला आणि बुटकं, रुंद शिखर ६००च्या आसपास येतं. पहिलं दुसऱ्याच्या सुमारे तिप्पट असतं. हे गुणोत्तर बिघडलं तर ३९६ला दुसरंच काहीतरी मिसळलं आहे असं समजा. यंत्रात सेकंड डेरिव्हेटिव्हची (स्कॅनच्या आलेखाचा बाक मोजणाऱ्या गणिताची) सोय असेल तर ती जरूर वापरा. प्लाझ्मातली बेसलाइन उतरती असते. डेरिव्हेटिव्ह तो उतार काढून टाकतो आणि मोजणीची सीमा बरीच खाली येते.

कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्राचं वाचन पातळीशी जुळवायचे, नमुने पाण्यात करू नका, रक्तपेढीकडून मिळालेल्या निरोगी प्लाझ्मात करा, आणि त्यांनाही ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिडपासून सगळ्या पायऱ्यांतून न्या. ०, ०.२५, ०.५, १, २ आणि ५ मि.ग्रॅ./लिटर पुरेत. अंदाजासाठी: वर दिलेल्या प्रमाणांत १ मि.ग्रॅ./लिटरला ३९६ नॅनोमीटरवर सुमारे ०.११ ॲबसॉर्बन्स यायला हवा. ०.०५च आला तर डायथायोनाइट थकलं आहे किंवा द्रावण नीट अल्कली झालेलं नाही.

एलसी-एमएस/एमएस (रसायनं वेगळी करून वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) असलेल्या मोठ्या प्रयोगशाळेत यापेक्षा बरंच खालचं प्रमाण कळतं आणि डायक्वाट वेगळं मोजता येतं. पण तिथेही ड्युटेरियमयुक्त पॅराक्वाट अंतर्गत मानक म्हणून घालणं आणि पॉलिप्रॉपिलीनच्या व्हायल्स वापरणं चुकवू नये. रसायनं वेगळी करणाऱ्या साध्या सी-१८ कॉलमवर पॅराक्वाट थांबतच नाही. हिलिक कॉलम किंवा हेप्टाफ्लुओरोब्युटिरिक ॲसिडसारखं आयन-पेअर रसायन लागतं.

आकड्याचा अर्थ

वेळेशिवाय पातळीला अर्थ नाही. एडिनबरोच्या प्राउडफूट आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेली रेषा आजही वापरात आहे: विष घेतल्यापासून ४, ६, १०, १६ आणि २४ तासांना अनुक्रमे २.०, ०.६, ०.३, ०.१६ आणि ०.१ मि.ग्रॅ./लिटर. पातळी या रेषेच्या खाली असेल तर रुग्ण वाचण्याची शक्यता चांगली. चार तासांच्या आतल्या नमुन्याला ही रेषा लावू नये, शोषण अजून चालू असतं. जपानच्या सावादा यांनी १९८८ मध्ये दिलेला निर्देशांक आणखी सोपा आहे: उपचार सुरू होईपर्यंतचे तास गुणिले दाखल होतानाची पातळी. १०च्या खाली वाचण्याची आशा, १० ते ५० मध्ये पुढे फुफ्फुसं कडक होऊन मृत्यूचा धोका, ५०च्या वर रक्ताभिसरण कोसळण्याचा.

दोन्ही मोजमापं दर वेळी जुळत नाहीत. आठव्या तासाला उपचार सुरू झाले आणि पातळी ०.९ आली, तर प्राउडफूटच्या रेषेच्या ती वर जाते, सावादांच्या हिशेबानं मात्र गुणाकार ७.२ येतो, म्हणजे आशेच्या बाजूला. म्हणून अहवालात निवाडा लिहू नका. पातळी, एकक, 'पॅराक्वाट आयन' हे शब्द, विष घेतल्याची सांगितलेली वेळ, नमुन्याची वेळ आणि पद्धत लिहा. वेळ अंदाजे असेल तर 'अंदाजे' लिहा. उपचाराचं बोलायचं तर ॲक्टिव्हेटेड चारकोल किंवा फुलर्स अर्थ (पोटातलं विष शोषणारी माती) देणं निकालासाठी थांबवायचं नसतं, आणि हिमोपरफ्यूजनचा (रक्त शरीराबाहेर विष शोषणाऱ्या नळीतून फिरवण्याचा) उपयोग जो काही होतो तो लवकर सुरू केल्यासच. प्रयोगशाळेत वाया गेलेला तासही त्यातूनच वजा होतो.

एक गोष्ट बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर बसणाऱ्यांसाठी. रक्तात पॅराक्वाट जास्त असेल तर पिक्रेट वापरणाऱ्या जाफे पद्धतीचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) खोटं वाढून येतं, कारण पिक्रेटशी पॅराक्वाटही क्रिया करतं. पहिल्या काही तासांतच क्रिएटिनिन खूप वर आणि युरिया जागच्या जागी, असं चित्र दिसलं तर एन्झाइम पद्धतीनं पुन्हा करा. एन्झाइमची सोय नसेल तर अहवालावर शेरा लिहा.

डायथायोनाइट निगेटिव्ह, तरीही तणनाशकच

डायथायोनाइटची तपासणी ग्लायफोसेट, २,४-डी, ग्लुफोसिनेट यांना ओळखत नाही. यांच्यासाठी बाजूची चिन्हं पाहावी लागतात. कोलिनेस्टरेज, म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेटनं दबणारं एन्झाइम, तिन्हींत सहसा नॉर्मल राहतं. ते कमी असेल तर रुग्णानं कीटकनाशक घेतलं आहे किंवा दोन्ही. ग्लायफोसेटमध्ये रक्ताची आम्लता, लॅक्टेट आणि पोटॅशियम पाहा, कारण त्याचा पोटॅशियम क्षारही बाजारात असतो. हे रसायन विषांच्या नेहमीच्या जीसी-एमएस (वायुरूप नमुना तपासणारं यंत्र) चाळणीत दिसत नाही. एफमॉक रिएजंटनं रूपांतर करून एलसी-एमएस/एमएसवर पाठवावं लागतं. २,४-डी मध्ये सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात येणारं एन्झाइम) वाढतो, आणि लघवी अल्कली करण्याचा उपचार चालू असेल तर लघवीचा पीएच दर दोन तासांनी कळवणं हेच प्रयोगशाळेचं मुख्य काम. ग्लुफोसिनेट घेतलेला रुग्ण आधी ठीक दिसून बऱ्याच तासांनी झटके किंवा बेशुद्धीत जाऊ शकतो, आणि रक्तातला अमोनिया वाढणं ही त्याची पूर्वसूचना असू शकते. अमोनियाचं रक्त बर्फात आणा आणि लगेच प्लाझ्मा वेगळा करा. टेबलावर पडून राहिलेल्या नमुन्यात अमोनिया आपोआप वाढतो.

नमुने राखून ठेवणं

अशी प्रत्येक केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस असते. तपासणीसाठी सगळा नमुना संपवू नका. पहिल्या रक्तातला किमान २ मि.ली. प्लाझ्मा आणि पहिली २० मि.ली. लघवी प्लास्टिकमध्ये, उणे २० अंशाला, सीलबंद ठेवा. लेबलवर एमएलसी क्रमांक, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही असावी. नमुने पोलिसांमार्फत प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, आणि तिथला अहवाल उपचाराच्या वेळेत येत नाही. म्हणूनच स्वतःची तपासणी आधी करायची आणि तिची नोंद रजिस्टरमध्ये कंट्रोलच्या निकालासह ठेवायची. गॅस्ट्रिक लव्हाजचं पाणी वेगळ्या डब्यात द्या, रक्तालघवीच्या पिशवीत नको. डबा गळला तर बाकी सर्व नमुने बाद होतात.

उरलेलं डायथायोनाइटचं द्रावण भरपूर पाणी घालून सिंकमध्ये सोडा, पण ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिडच्या टाकाऊ बाटलीत कधीही ओतू नका. बंद खोलीत सल्फर डायऑक्साइड श्वासात जाण्याइतका सुटतो.